गरोदरपणातली साखर: दुसऱ्या खेपेला आधीपासून काय करता येईल?

अर्धविराम
नमस्कार. मला अकरावा आठवडा चालू आहे, ही दुसरी खेप. पहिल्या वेळी २६व्या आठवड्यात ग्लुकोजचं पाणी पिऊन चाचणी केली आणि साखर वाढलेली निघाली. तोवर घरातले सगळे "दोन जिवांची आहेस, खा" म्हणत होते आणि मीही खात होते. रिपोर्ट हातात आला त्या दिवसापासून तीच माणसं माझ्या ताटात डोकवायला लागली. शेवटचे तीन महिने बोटं टोचण्यात गेले, रात्रीचं इन्सुलिनही लागलं. मुलगी ठणठणीत आहे, आता तीन वर्षांची.

या वेळी २६व्या आठवड्याची वाट बघत बसायचं नाही असं ठरवलंय. डॉक्टरांना विचारलं तर "संतुलित आहार घ्या, चालत राहा" एवढंच मिळालं आणि पुढच्या पेशंटला हाक गेली. संतुलित म्हणजे काय? चालायचं ते किती आणि कधी? आणि मुळात याने साखर टळते का, की नुसतं मनाचं समाधान? खरं सांगा, गोड बोलू नका. (गोड तसंही बंद केलंय.)

टाचणी
आधी एक प्रश्न. मुलगी झाल्यावर तुझी साखर पुन्हा तपासली होती का? बाळंतपणानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी करायची असते आणि पुढे दर एक ते तीन वर्षांनी साखर बघायची असते.

अर्धविराम
नाही गं. दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी मीटर कपाटात ठेवलं ते ठेवलंच. झोप मिळत नव्हती, साखर कोण तपासतंय.

टाचणी
बहुतेकींचं हेच होतं, माझंही झालं. मग या आठवड्यातच उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) करून घे. आधी हा त्रास झालेल्या बाईने २४ ते २८ आठवड्यांपर्यंत थांबायचं नसतं, पहिल्या भेटीतच तपासतात. साखर मधल्या काळातच वाढून बसली असेल तर ती गोष्ट वेगळी, तिचे उपचारही वेगळे. ते नाही हे कळलं की मग बाकीच्या गप्पा.

भुईनळा
माझा मूर्खपणा सांगते, म्हणजे तू करणार नाहीस. मला पीसीओएस (अंडाशयाचा, संप्रेरकं बिघडवणारा विकार) आहे, आईला मधुमेह. दिवस राहिल्या राहिल्या मी भात, पाव, बटाटा, फळं सगळं बंद केलं. अंडी, पनीर आणि पालेभाज्या, बस. तीन आठवडे साखर अशी सुंदर की स्क्रीनशॉट काढून ठेवावेत. मग चक्कर, मळमळ, तोंडाला विचित्र वास. लघवी तपासली तर कीटोन (कर्बोदकं कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की बनतात ते). डॉक्टर चिडल्या. म्हणाल्या, "साखर कमी दिसावी म्हणून तू बाळालाच उपास घडवतेयस." तेव्हा गाडी एकदम दुसऱ्या टोकाला नेऊ नकोस.

तराजू
मी आहारतज्ज्ञ आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

हे का होतं ते आधी बघू, म्हणजे काय करायचं ते पाठ करावं लागणार नाही. वारेतून (प्लॅसेंटातून) जी संप्रेरकं निघतात ती आईच्या पेशींना इन्सुलिनला दाद देऊ देत नाहीत. ही शरीराची चूक नाही, सोय आहे: आईने साखर चटकन वापरून टाकू नये, बाळासाठी रक्तात उरावी. दुसऱ्या तिमाहीपासून हा विरोध चढत जातो आणि स्वादुपिंडाला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट इन्सुलिन करावं लागतं. ज्याच्यात तेवढी ताकद शिल्लक आहे ते निभावून नेतं. ज्याच्यात नाही, तिथे साखर वर जाते. ती साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन मात्र जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःचं इन्सुलिन वाढवतं आणि बाळ अंगाने वाढत जातं. नाळ कापल्यावर साखरेचा पुरवठा अचानक थांबतो, पण बाळाचं इन्सुलिन काही काळ तसंच चढलेलं राहतं. म्हणून अशा बाळांची साखर जन्मल्यावर काही तासांत खाली येते.

म्हणजे आपल्या हातात दोन गोष्टी. स्वादुपिंडावर एका वेळी पडणारा बोजा कमी करायचा (जेवण), आणि पेशींनी इन्सुलिनला दाद द्यावी असं बघायचं (स्नायू, वजन, झोप). वार बदलता येत नाही.

"दोन जिवांचं खा" याचा हिशेब असा: पहिल्या तिमाहीत जादा कॅलरी शून्य. दुसरीत दिवसाला साधारण ३४०, तिसरीत ४५०. ३४० म्हणजे एक वाटी दही, एक सफरचंद आणि दहा-पंधरा बदाम. झालं.

पिष्टमय पदार्थ बंद करायचे नाहीत. गरोदरपणात दिवसाला किमान १७५ ग्रॅम कर्बोदकं लागतात. भुईनळाचं जे झालं ते त्याच्या फार खाली गेल्यामुळे. पण तीच १७५ ग्रॅम तीन जेवणं आणि दोन-तीन मधल्या खाण्यांत वाटली तर शरीराला पेलतात, दोन जेवणांत कोंबली तर नाहीत. भात खा. तो ताटाच्या पाव भागात ठेव, अर्ध्या भागात भाज्या, उरलेल्या पावात डाळ, कडधान्य, अंडं, मासे, चिकन, जे चालत असेल ते. आणि जेवायला सुरुवात भाजी आणि प्रथिनांपासून कर, भात शेवटी. तेच ताट, तेवढंच अन्न, पण साखरेचा चढ मवाळ होतो.

सगळ्यात नाठाळ जेवण म्हणजे सकाळची न्याहारी. पहाटे कॉर्टिसॉल हे संप्रेरक चढलेलं असतं, इन्सुलिनला विरोध त्या वेळी सगळ्यात जास्त. दुपारी जो पाव निमूट पचतो तोच सकाळी उसळतो. आणि लोक नेमके सकाळीच फळाचा रस, पाव-जॅम, दुधात भिजवलेले गोड सीरियल खातात. रस तर नकोच. चार संत्र्यांची साखर एका घोटात, चोथा गाळून टाकलेला. संत्रं सोलून खा, तेही दुपारी.

मध, खजूर, "नैसर्गिक गोडवा" वगैरे: रक्ताला नाव वाचता येत नाही.

दोनपावलं
तराजू, शेवटचं वाक्य फ्रिजवर लावणार आहे.

मी फिजिओथेरपिस्ट. व्यायामाचं मी बघते. आकडा सर्वांना माहीत असतो: आठवड्याला १५० मिनिटं, मध्यम जोराचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीतही गरोदर बायकांसाठी हाच आहे. मध्यम जोर म्हणजे किती, ते मात्र कोणी सांगत नाही. चालताना फोनवर बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, तो मध्यम. गाणं म्हणता येत असेल तर तू फिरते आहेस, व्यायाम नाही. बोलणंही तुटत असेल तर वेग कमी कर.

आता खुबी. स्नायू आकुंचन पावत असतो तेव्हा तो इन्सुलिनची परवानगी न घेता साखर आत ओढतो. ज्या बाईचं इन्सुलिन कमी पडतंय तिला हे मागचं दार आहे. म्हणून सकाळी एकदम पाऊण तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालण्याला मी जास्त मार्क देते. तीन जेवणं, रोज पंधरा मिनिटं: आठवड्याचे ३१५ होतात. दीडशे कधीच मागे पडले.

नुसतं चालणंही पुरत नाही. मांड्या आणि कुल्ले हे शरीरातले सगळ्यात मोठे स्नायू, म्हणजे साखरेची सगळ्यात मोठी गोदामं. आठवड्यातून दोन-तीन दिवस खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, दहा-दहाचे दोन-तीन फेरे. भिंतीला टेकून पुशअप. रबरी पट्टा ओढणे. श्वास कोंडायचा नाही, जोर लावताना सोडायचा. विसाव्या आठवड्यानंतर पाठीवर सपाट झोपून बराच वेळ काही करू नको, पोटाच्या भाराने मोठी शीर दबते आणि घेरी येते. पडण्याची किंवा पोटाला मार बसण्याची भीती असलेलं काहीही नको. पोहणं उत्तम, स्थिर सायकल उत्तम.

रक्तस्राव, पाणी जाणं, कळा, छातीत दुखणं, चक्कर, एका पोटरीत दुखून सूज: यातलं काहीही दिसलं तर व्यायाम तिथेच थांबवायचा आणि फोन करायचा. वार खाली असेल, गर्भपिशवीच्या तोंडाला टाका असेल, रक्तदाब चढलेला असेल, रक्त फार कमी असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही सुरू करायचं नाही.

शेवटचाबाक
बाप्या आहे, पण लिहितो. बायकोला "तू चालून ये" म्हणणं आणि जेवण झाल्यावर दोन जोडी चपला दाराशी काढून ठेवणं यात फरक आहे. पहिलं मी दोन महिने केलं, ती चार दिवस गेली. दुसरं सुरू केल्यावर चार महिन्यांत सहा-सात दिवस चुकले असतील. भांडी परत आल्यावर घासायची. जेवल्यावर आधी भांडी घेतली की पाऊण तास जातो आणि मग कोणी उठत नाही.

जुनीखोड
आमच्या वेळी कोणी साखर मोजत नव्हतं, तरी मुलं झालीच ना? हे सगळं मोजायला लागल्यापासूनचं दुखणं.

टाचणी
तुमच्या वेळी साडेचार किलोचं बाळ "गुटगुटीत" म्हणून मिरवायचे, आणि त्याला जन्म देताना आईचं काय व्हायचं ते कोणी मिरवायचं नाही. आणि दहा वर्षांनी आईला मधुमेह निघायचा, तेव्हा दोन्हीचा संबंध लावायला कागद नसायचा.

वहीतलंगणित
मूळ प्रश्न राहिला: टळतं का? मी डॉक्टर नाही, पण संख्याशास्त्र हे माझं पोट आहे आणि बायकोच्या वेळी सगळं वाचून काढलं होतं.

उत्तर "थोडं टळतं, सगळ्यांचं नाही" असं आहे. नुसत्या व्यायामाचे प्रयोग एकत्र करून २०१८ मध्ये जे विश्लेषण आलं त्यात शक्यता ३८ टक्क्यांनी कमी दिसली. बीजिंगमध्ये वजन जास्त असलेल्या ३०० गरोदर बायकांवर एक प्रयोग झाला, २०१७ मध्ये छापून आला: निम्म्या जणींनी तेराव्या आठवड्याच्या आत स्थिर सायकल सुरू केली, आठवड्यातून निदान तीनदा. त्यांच्यात २२ टक्के जणींना साखर झाली, बाकीच्यांत ४०.६ टक्के. माद्रिदमध्ये हजार बायकांवर आहाराचा प्रयोग झाला, ऑलिव्ह तेल आणि मूठभर पिस्ते रोज: २३.४ वरून १७.१ टक्के. लक्षात घ्या, तेल आणि सुकामेवा वाढवूनही कमी झालं. "तेलकट नको" एवढ्यावर भागत नाही.

आता उलट बाजू. ब्रिटनमधला २०१५ चा मोठा प्रयोग, १५५५ लठ्ठ गरोदर बायका, आहार आणि व्यायाम दोन्हींचं नीट मार्गदर्शन. वजन थोडं कमी वाढलं, पण साखर दोन्ही गटांत सारखीच, २५ आणि २६ टक्के. तिथे सुरुवात पंधराव्या ते अठराव्या आठवड्यात झाली होती. उशीर हे एकमेव कारण असेल असं मी म्हणणार नाही, पण माझं मत विचाराल तर अकराव्या आठवड्यात हा प्रश्न विचारणारी बाई आधीच पुढे आहे.

अर्धविरामसाठी सगळ्यात जवळचा प्रयोग फिनलंडचा, २०१६. त्यात मुद्दाम लठ्ठ किंवा आधी हा त्रास झालेल्या बायका घेतल्या होत्या आणि विसाव्या आठवड्याच्या आत सुरुवात केली होती. २१.६ वरून १३.९ टक्के. याचा अर्थ असाही होतो, की सगळं नीट करूनही दर सातातल्या एकीला झालंच.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. तपासण्या झाल्या: उपाशीपोटी ८८, एचबीएवनसी ५.३. हुश्श. दवाखान्यातल्या वजनाच्या तक्त्यावर बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २७ लिहिलाय, म्हणजे किती किलो वाढायला हवं?

तराजू
२००९ चे जे आकडे अजून सगळीकडे वापरतात त्याप्रमाणे बीएमआय २५ ते २९.९ असेल तर एकूण ७ ते ११.५ किलो. (१८.५ ते २४.९ ला ११.५ ते १६, ३० च्या पुढे ५ ते ९.) तुझं काम वजन उतरवणं नाही, पहिल्या तीन महिन्यांतच चार-पाच किलो चढू न देणं. पहिल्या वेळी किती वाढलं होतं?

अर्धविराम
अठरा. विचारू नकोस.

अर्धविराम
सतरावा आठवडा. प्रामाणिक हजेरी देते.

न्याहारी बदलली: दोन अंडी, भाज्या, एकच पाव. पहिले दहा दिवस रडकुंडीला आले, कारण मळमळीत अंड्याचा वासच सहन होत नव्हता. तेव्हा दही आणि भाजलेले चणे यावर काढले. रात्रीचं चालणं जमतंय, दुपारचं ऑफिसात जिने चढ-उतर करून. सकाळचं जमत नाही, मुलीला शाळेत सोडायची घाई. खुर्चीची उठाबशी दात घासताना करते. मुलगी शेजारी तिच्या छोट्या स्टुलावर तेच करते आणि माझे आकडे चुकवते.

एक तक्रार. ओळखीच्या एकीने "गरोदरपणातल्या साखरेवर हमखास" म्हणून एक पावडर आणून दिली. डब्यावर घटकांची यादीच नाही. परत केली तर ती रुसली.

दोनपावलं
रुसू दे. यादी नसलेलं काहीही पोटात बाळ असताना घ्यायचं नाही. दात घासतानाची उठाबशी मी आता सगळ्यांना सांगणार.

भुईनळा
झोप किती होते? कमी झोपेने दुसऱ्या दिवशीची साखर बिघडते हे मी मीटरवर बघितलंय. रात्री बाराला झोपून तीनला उठलेला दिवस आणि सात तासांचा दिवस, न्याहारी तीच, आकडे वेगळे.

अर्धविराम
सहा तास, तुटक तुटक. दहाला फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा प्रयत्न करते.

अर्धविराम
सव्विसावा आठवडा. काल रिपोर्ट आला. उपाशीपोटी ९४, एक तासाने १५१, दोन तासांनी १२४. मर्यादा ९२, १८० आणि १५३. म्हणजे उपाशीपोटीची दोनाने ओलांडली. एकच आकडा वर असला तरी निदान होतंच म्हणाले. पंधरा आठवडे केलं आणि दोनाने हुकलं. रात्री खूप रडले. नवरा म्हणाला, "पेपर तपासून घे, दोन मार्क वाढतील."

टाचणी
अगं ये. मागच्या वेळचे आकडे आहेत का?

अर्धविराम
१०६, २११, १७४.

टाचणी
मग रडायचं ते रड, पण हे दोन कागद शेजारी ठेवून रड.

ओलीपाटी
मध्येच विचारते, माझ्या रिपोर्टवर मर्यादा ५.१ लिहिली आहे, तुमची ९२. वेगळी चाचणी आहे का?

वहीतलंगणित
तीच. एकक वेगळं: तुमचं मिलिमोल प्रति लिटर, आमचं मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ५.१ ला १८ ने गुणा.

अर्धविराम, ९२ कुठून आला ते सांगतो, थोडा आराम पडेल. २००८ मध्ये नऊ देशांतल्या सुमारे २५ हजार गरोदर बायकांचा एक अभ्यास आला. साखर जशी वाढते तसा बाळ मोठं होण्याचा धोका हळूहळू, सलग वाढत जातो, मध्ये कुठे पायरी नाही असं त्यात दिसलं. मग कुठेतरी रेघ मारायची म्हणून तज्ज्ञांनी सरासरीच्या पावणेदोन पट धोका जिथे होतो तिथे मारली. ९१ ला सगळं आलबेल आणि ९४ ला आभाळ कोसळलं असं शरीरात काही घडत नाही. निदान मात्र गंभीरपणे घ्यायचं, कारण उपचारांचा उपयोग होतो हे पक्कं आहे.

तराजू
जेवणानंतरचे दोन्ही आकडे उत्तम आहेत, ती तुझ्या ताटाची आणि चपलांची कमाई. उपाशीपोटीचा आकडा हट्टी असतो, कारण तो तू खाल्लेल्याचा नाही. रात्रभर यकृत स्वतः साखर सोडत असतं, आणि वारेचा जोर वाढला की इन्सुलिन त्याला आवरू शकत नाही. म्हणून दिवसा कितीही नीट वागलं तरी सकाळचा आकडा ऐकत नाही. निजताना थोडं काहीतरी खाऊन बघ, प्रथिनं असलेलं: कपभर दूध आणि दाणे, किंवा चीजचा तुकडा आणि अर्धा पाव. काहींना उतरतं, काहींना नाही. नाहीच उतरलं तर रात्रीचं थोडं इन्सुलिन, ते तू आधी घेतलेलं आहेस आणि ते वार ओलांडत नाही. ती तुझी हार समजू नकोस. घरी मोजताना उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवल्यावर एका तासाने १४० च्या आत, दोन तासांनी १२० च्या आत.

शेवटचाबाक
आमचंही उपाशीपोटीच अडलं होतं. चपला तरीही दाराशीच ठेवा.

अर्धविराम
अठ्ठाविसावा आठवडा. निजताना दूध-दाणे सुरू केलेत. दोन आठवड्यांत सकाळचे आकडे ८७ ते ९३. इन्सुलिन अजून नाही, पुढच्या भेटीत ठरेल. वजन आतापर्यंत सहा किलो. परवा मात्र एकदम १०९ आला आणि पोटात गोळा आला.

ओलीपाटी
रात्री काय खाल्लं होतं?

अर्धविराम
तेच. मग आठवलं, टोचण्याआधी मुलीला केळं सोलून दिलं होतं. साबणाने हात धुतले, पुसले, बोटाच्या कडेला परत टोचलं. ८९.